‘चेहरा आल्यावर बघू’ म्हणण्याआधी : ब्लॉकिंग कसं तपासावं

आम्ही अ‍ॅनिमेशन करतो. पात्राला चेहरा, कपडे येण्याआधी करड्या बाहुलीवर फक्त मुख्य पोझ लावून दाखवतो, त्याला ब्लॉकिंग म्हणतात. त्याचा व्हिडिओ ग्राहकांना पाठवला की अनेकांचं उत्तर येतं, "करड्या बाहुलीत काय कळणार? चेहरा आल्यावर बघू." मंजुरी मिळते, काम पुढे सरकतं आणि रेंडर, म्हणजे पूर्ण तयार झालेला व्हिडिओ, हातात पडल्यावर निरोप येतो : पात्र आनंदी वाटत नाही, जरा हसरं करा. हसू वाढवून हा दोष जात नाही. तो बहुधा खांद्यांत आणि पाठीत असतो.

स्वीडनच्या गुनर योहान्सन यांनी १९७३ मध्ये चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवरचे नुसते प्रकाशाचे ठिपके दाखवले होते. माणूस चालतोय हे बघणाऱ्यांनी क्षणात ओळखलं. पुढच्या प्रयोगांत अशाच ठिपक्यांवरून राग, दुःख, आनंदही ओळखता आले. मोबाइलवर तर लांबच्या शॉटमध्ये चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. तिथे अंगच बोलतं.

"वेग वाढवा" ही सूचना मात्र जपून द्या. वेगावरून अंगात जोर किती, एवढंच कळतं. राग आणि आनंद दोन्ही भराभर चालतात. दुःख आणि थकवा दोन्ही सावकाश. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, धरली तर साधं पाऊल साधारण १२ फ्रेमचं होतं. ते ८ वर आणलं की पात्र घाईत दिसतं, आनंदी नव्हे. आनंदाला छाती मोकळी, हात सैल आणि पावलागणिक उसळी लागते. वेग तोच ठेवून डोकं पुढे काढलं, हालचालीला झटके दिले, टाच आपटली, की तोच माणूस चिडलेला दिसतो. दुःखात हात कमी झुलतात, डोकं फारसं वरखाली होत नाही.

ब्लॉकिंग आवाज बंद करून, मोबाइलवर, हात लांब धरून बघा. मग गोष्ट माहीत नसलेल्या कोणालातरी दाखवून विचारा, "याला काय वाटतंय?" "हा खूश दिसतो ना?" असं विचारलंत तर उत्तर ‘हो’च येईल. सूचना लिहिताना ‘अजून जिवंत करा’ऐवजी प्रसंग लिहा : ‘नोकरी लागली आहे, पण घरी अजून सांगायचं नाही.’ त्यावरून आम्हाला पोझ ठरवता येते.

ब्लॉकिंगमध्ये पोझ बदलायला तासभर पुरतो, म्हणून तिथल्या दोन फेऱ्या आम्ही दरातच धरतो. रेंडरनंतर तोच बदल केला तर मधल्या हालचाली, कपडे, सावल्या पुन्हा कराव्या लागतात. ३० सेकंदांच्या ७५० फ्रेम. एक फ्रेम रेंडर व्हायला ४ मिनिटं धरली तरी एका मशीनवर ५० तास. त्याचं बिल वेगळं होतं, आणि ब्लॉकिंगवर तुमची सही आम्ही त्यासाठीच मागतो.

पात्राचा स्वभाव अजून ठरत नसेल तर ऑर्डरआधी सांगा. एकाच पात्राच्या तीन चाली, प्रत्येकी ४ सेकंदांच्या, करड्या रूपातच करून पाठवतो.