ऐटबाज पोशाखाचे व्यक्तिछायाचित्रण (ग्रामीण विदर्भ)

पोशाख, केशरचना आणि अंगावरचा साज यांतून स्वतःची छाप पाडणाऱ्या व्यक्तींची छायाचित्रे, त्यांनीच निवडलेल्या जागी व त्यांच्याच ऐटीत, टिपण्याची पद्धत. फॅशनच्या छायाचित्रणात कपडा विकायचा असतो. येथे तो घालणारा माणूस हाच विषय असल्याने कापड कुठले, शिंपी कोण, प्रसंग कोणता, हेही नोंदवले जाते.

युरोपात ऐटबाज पोशाखाच्या शौकाचा आद्य नमुना मानला गेलेला इंग्लंडचा ब्यू ब्रमेल (१७७८–१८४०) भपक्यासाठी नव्हे, तर काटेकोर नेटकेपणासाठी ओळखला जाई. छायाचित्रकार रोझ कॅलहन यांनी टिपलेल्या आजच्या शौकिनांच्या छायाचित्रांचे पुस्तक २०१३ मध्ये निघाले. त्यापूर्वी, १९४८ पासून, आफ्रिकेतील माली देशाची राजधानी बामाको येथील छायाचित्रकार सेदू केइता आपल्या स्टुडिओत येणाऱ्यांना सूट, घड्याळ, रेडिओ वापरायला देत. आपल्याकडे तालुक्याच्या गावी रंगवलेल्या पडद्यापुढे उसना कोट चढवून काढलेले फोटो याच जातकुळीचे आहेत आणि अभ्यासकांनी त्यांना हौस म्हणून सोडून देणे योग्य नाही.

विदर्भात याचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात, धान निघाल्यावर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, रात्रभर नाटके चालतात आणि ठेवणीतले कपडे बाहेर येतात. कडक इस्त्रीचे धोतर, खांद्यावर दुपट्टा टाकलेला म्हातारा आणि रंगीत केसांचा, गॉगल लावलेला पोरगा एकाच पानठेल्यावर भेटतात. त्यांतला म्हातारा बहुधा जास्त नखरेल निघतो. सूट-टायचा अर्थ मात्र येथे निव्वळ शौकाचा नाही. नीटनेटके कपडे घालण्यावरही जातीने बंधने लादली होती त्या समाजात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा निळा सूट, गावोगावच्या पुतळ्यांतून, स्वाभिमानाची खूण बनला. १४ एप्रिलला कोट घालून उभ्या राहिलेल्या माणसाला ‘हौशी’ अशा मथळ्याखाली छापणे म्हणजे चित्राचा अर्थच घालवणे होय.

तांत्रिक अडचण मुख्यतः पांढऱ्या कपड्यांची. उन्हात चमकणाऱ्या धोतर-दुपट्ट्याने चौकट भरली की कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप फसते, चित्र काळवंडते आणि सावळा चेहरा हरवतो. म्हणून चेहऱ्यावरून प्रकाश मोजतात किंवा सकाळचे कोवळे ऊन, नाहीतर ओसरीची सावली पसंत करतात. गॉगलच्या काचेत छायाचित्रकार स्वतःच उमटतो, तेव्हा थोडे बाजूला सरकून उभे राहावे लागते. गॉगल काढायला सांगणे हा सोपा उपाय असला तरी या पद्धतीत तो त्याज्य मानावा.