मॉन्स्टरला नवीन ॲबिलिटी द्यायची गरज का पडली: थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी, फासे टाकत आणि बोलत खेळायचा कल्पनेतल्या साहसाचा खेळ) टेबलवर ट्रोल हा राक्षस आला की डीएमचं (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) वर्णन संपायच्या आत कुणीतरी ओरडतंच, "ट्रोल हाय बे, मशाल काढ!" कॅरेक्टर बिचारं खेड्यातलं, जन्मात ट्रोल बघितलेला नाही, पण त्याला चालवणाऱ्या पोरानं मोबाईलवर मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे मॉन्स्टरची माहिती असलेलं पुस्तक, इतक्या वेळा चाळलंय की ट्रोलचं रीजनरेशन (जखमा आपोआप भरणं) आगीनं नाहीतर ॲसिडनं थांबतं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. मग डीएम वैतागून ट्रोलला काहीतरी वेगळं जोडतो आणि लगेच भांडण, की हे पुस्तकात नाही, ही चीटिंग आहे. मॉन्स्टर बदलायचे जेवढे म्हणून नियम या खेळात आले त्यातले बरेचसे याच भांडणाला उत्तर म्हणून आलेत असं माझं मत आहे, आणि हे भांडण जवळपास खेळाएवढंच जुनं आहे.

1974 ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स निघालं. पहिली छपाई 1000 प्रतींची, बॉक्समध्ये तीन पातळ पुस्तिका. मॉन्स्टर म्हणजे तक्त्यातली एक ओळ आणि पुढे थोडकी माहिती, बास. बाकी डीएमनं बघून घ्यायचं. फक्त ड्रॅगनचे लाड तेव्हापासून होते, वय ठरवायला सहा बाजूंचा फासा टाकायचा आणि जो आकडा येईल तेवढे एचपी (जीव किती ते सांगणारे गुण) दर हिट डायमागे (मॉन्स्टर किती ताकदीचा याचं माप), म्हणजे 10 हिट डायच्या लाल ड्रॅगनला 4 पडला तर 40 एचपी आणि 1 पडला तर फक्त 10. तो झोपलाय का, बोलतो का, हे पण टक्केवारीनं. म्हणजे एकाच जातीचे दोन ड्रॅगन सारखे नसतात ही कल्पना पहिल्या दिवसापासून आहे, पुस्तक पाठ केलं तरी फासा पाठ करता येत नाही ना.

त्या काळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र खेळण्यांची आहे. गायगॅक्सला स्वस्त दुकानात हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लास्टिकच्या प्राण्यांचं पाकीट मिळालं, धड डायनासोर नाही, धड किडा नाही असले प्राणी. त्यातून रस्ट मॉन्स्टर, आउलबेअर आणि जमिनीखालून येणारा बुलेट हे तिघं जन्मले. आधी खेळणं, मग त्याची ॲबिलिटी! आणि रस्ट मॉन्स्टरची ॲबिलिटी काय, तर लोखंड गंजवून टाकायचं. तो जीव घेत नाही पण पैसे साठवून घेतलेलं चिलखत घालवतो, आणि प्लेयरला जीवापेक्षा चिलखताची काळजी जास्त. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर जे प्लास्टिकचे ढीग लागतात त्यातून आमच्या टेबलच्या निम्म्या मिनी (टेबलवर ठेवायच्या छोट्या मूर्ती) आल्यात, तीन शिंगांचा हिरवा बैलासारखा एक आहे त्याचं अजून काय करायचं ते ठरलेलं नाही.

1977 ला मॉन्स्टर मॅन्युअल आलं, पुठ्ठा बांधणीचं, साडेतीनशेच्या वर मॉन्स्टर, आणि खरी गडबड तिथून सुरू झाली, कारण आता सगळं एका जागी छापलेलं आणि दुकानात कुणालाही विकत मिळणारं. गायगॅक्सला हा धोका कळत होता. 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडच्या प्रस्तावनेत त्यानं लिहून ठेवलंय की हे पुस्तक डीएम सोडून दुसऱ्या कुणाकडे सापडलं तर तो सन्मानाच्या मरणाच्याही लायकीचा नाही. अर्थात कुणी ऐकलं नाही. पण त्याच पुस्तकात दोन कामाच्या गोष्टी होत्या. खालच्या प्लेनमधले (नरकासारख्या जगांतले) सैतानी प्राणी फाशांवर तयार करायचे तक्ते, डोकं कसलं, डोळे कसले, कातडी कसली, सगळं टाकत जायचं, आणि तयार होतो तो कुठल्याच पुस्तकात नसतो. दुसरं म्हणजे एक्सपीचा (अनुभवाचे गुण, ज्यांनी कॅरेक्टर वाढतं) तक्ता, ज्यात मॉन्स्टरकडे स्पेशल ॲबिलिटी असेल तर मारणाऱ्याला जास्त एक्सपी. हे नीट बघा. इथं ॲबिलिटीला भाव लागला, डीएमनं काही वाढवलं तर प्लेयरला त्याचा मोबदला मिळणार, म्हणजे भांडण अर्धं मिटलं.

बाकीचे गेम पण गप्प नव्हते. 1975 च्या टनल्स अँड ट्रोल्समध्ये मॉन्स्टरला एकच रेटिंग दिलं की झालं, पाठ करायला काही ठेवलंच नाही. 1978 च्या रूनक्वेस्टमध्ये केऑसच्या (अनागोंदीच्या शक्तीच्या) प्राण्यांना केऑटिक फीचर, म्हणजे एखादं विचित्र वैशिष्ट्य, फाशावर काढायची सोय होती. आणि ब्रिटनमध्ये व्हाइट ड्वार्फ मासिकात वाचक स्वतःचे मॉन्स्टर पाठवायचे, त्यातले कितीतरी 1981 च्या फीन्ड फोलिओत, म्हणजे डी अँड डीच्या मॉन्स्टरच्या आणखी एका पुस्तकात, छापून आले. त्याच्या मुखपृष्ठावरचा गिथयान्की हा मॉन्स्टर चार्ल्स स्ट्रॉसचा, जो पुढे विज्ञानकथा लेखक म्हणून नावाजला. घरी बनवलेल्या मॉन्स्टरला होमब्रू होमब्रू म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग 1987, डी अँड डीच्या ड्रॅगन मासिकाचा 127 वा अंक, रॉजर मूरचं संपादकीय. टकर नावाच्या डीएमचे कोबोल्ड. स्टॅट (आकडे) पुस्तकातलेच, नवीन ॲबिलिटी शून्य. पण अरुंद बोळ, भिंतीतली छिद्रं, जाळपोळ, आणि मागून दार बंद. वरच्या लेव्हलची पार्टी (कॅरेक्टरची टोळी) खालच्या मजल्यावरच्या राक्षसांपेक्षा पहिल्या मजल्यावरच्या या टिचभर कोबोल्डना घाबरायची. माझ्या मते पुस्तकपाठ प्लेयरला दिलेलं हे सगळ्यात चोख उत्तर, कारण त्याच्या पाठांतरात एक अक्षर चूक नसतं तरी तो मरतो.

डी अँड डीच्या 2000 च्या थर्ड एडिशननं सगळंच नियमात बसवलं. टेम्प्लेट आले, म्हणजे कुठल्याही प्राण्यावर हाफ-ड्रॅगन चढवा, स्ट्रेंथ +8, नॅचरल आर्मर +4, वरून ब्रेथ वेपन, सीआर (मॉन्स्टर किती अवघड याचा आकडा) 2 नं वाढवा. ऑर्कला क्लासच्या लेव्हल द्या, फीट (खास कसबं) द्या, स्किल मोजा. प्लेयर तक्रार करूच शकत नाही कारण हिशोब छापलेला आहे, पण तो हिशोब करता करता डीएमचा रविवार जातो आणि मॉन्स्टर तिसऱ्या राउंडला मरतो. मार्चएंडला दुकानदाराची जी अवस्था होते तीच. 2008 च्या फोर्थ एडिशननं हे ओझं उतरवलं, मॉन्स्टर आता कॅरेक्टरच्या नियमांनी बांधायचा नाही, त्याचा रोल (लढाईतली भूमिका) बघायचा, एलिट म्हणजे दोन साध्या मॉन्स्टरच्या बरोबर, सोलो म्हणजे पाचांच्या, मिनियनला 1 एचपी, आणि मोठी पॉवर परत मिळायला सहसा d6 (सहा बाजूंचा फासा) वर 5-6 पडायला पाहिजे. लोक या एडिशनला शिव्या घालतात, घालू देत, मॉन्स्टर बदलायला इतकं सोपं आधी कधीच नव्हतं.

2014 च्या (फिफ्थ एडिशनच्या) डंजन मास्टर्स गाइडमध्ये दोन्हीचा मेळ आहे. मॉन्स्टर फीचर्सचा तक्ता, कुठली ॲबिलिटी सीआरच्या गणितात किती धरायची ते त्यात आहे. पॅक टॅक्टिक्स (सोबती शत्रूजवळ असेल तर ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून चांगला धरायचा) दिलं तर ॲटॅक बोनस 1 नं जास्त धरा, निंबल एस्केप (चटकन निसटणं किंवा लपणं) दिलं तर एसी (मारा लागायला किती अवघड ते) आणि ॲटॅक दोन्ही 4 नं. साधा बँडिट घ्या, एसी 12, एचपी 11, त्याला लांडग्याचं पॅक टॅक्टिक्स लावा आणि चार जण एकदम सोडा, ॲडव्हान्टेजनं मारायला लागले की तेच प्लेयर खुर्चीत सरळ बसतात. 2024 च्या नवीन गाइडमध्ये हा तक्ता नाही, आहे तोच मॉन्स्टर थोडाफार बदला एवढ्यावर भागवलंय, म्हणून आमच्याकडे अजून 2014 ची तीच पानं झेरॉक्स काढून फिरतात.

कायद्याची बाजू पण जानेवारी 2023 मध्ये बदलली. ओपन गेम लायसन्स (खेळाचे नियम इतरांना वापरू देणारा परवाना) बदलायचा घाट डी अँड डीच्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं घातला, जगभरातून बोंब झाली, आणि शेवटी 5.1 चा एसआरडी (खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली मोकळा झाला. त्यातला गोब्लिन घ्या, नाव बदला, ॲबिलिटी बदला, मराठीत छापून विका, फक्त श्रेय द्यायचं. बिहोल्डरसारख्या काही मॉन्स्टरचे स्टॅट ब्लॉक (आकड्यांचे तक्ते) त्यात नाहीत, तेवढे सोडून.