काळ्या गोळीतला हजारावा भाग

चीनमध्ये मधुमेहासाठी ‘शियाओके वान’ नावाची गोळी मिळते. काळी, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. दहा गोळ्यांचं वजन अडीच ग्रॅम. एका वेळी पाच ते दहा गिळायच्या, दिवसातून दोन-तीनदा. ‘शियाओके’ म्हणजे माणसाला झिजवणारी तहान. जुन्या चिनी वैद्यकात सुमारे दोन हजार वर्षांपासून या आजाराचं वर्णन आहे: घसा कोरडा, लघवी सारखी, खाऊनही अंग रोडावत जातं. अशा रोग्याची लघवी गोड असते, हेही तिथल्या वैद्यांनी सातव्या शतकात लिहून ठेवलं. आपल्याकडे तर रोगाचं नावच त्यावरून पडलं.

गोळीत कुडझूच्या वेलाचं मूळ आहे, पडवळाच्या कुळातल्या एका वेलाचं मूळ आहे, कोनफळाच्या जातीचा कंद आहे आणि मक्याच्या कणसाचे केससुद्धा आहेत. आता मका मूळचा अमेरिकेतला, चीनमध्ये तो पोचला सोळाव्या शतकात. ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणताना ही गोष्ट सहसा कोणी काढत नाही.

या सगळ्यासोबत त्यात ग्लिबेनक्लामाइडही आहे. चोरून घातलेलं नाही, माहितीपत्रकावर छापलेलं असतं. हे आपल्याकडे ‘डाओनिल’ म्हणून ओळखलं जाणारं जुनं ॲलोपॅथिक औषध. एका गोळीत ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे गोळीच्या वजनाचा जेमतेम हजारावा भाग. पण दहा गोळ्या घेतल्या की पोटात अडीच मिलिग्रॅम जातं, आणि तेवढं साखर उतरवायला पुरतं. ग्लिबेनक्लामाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. रक्तातली साखर आधीच खाली आली असली तरी ते थांबत नाही. जेवण चुकलं, किंवा मूत्रपिंड थकलेलं असलं, की घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी.

मग उरलेल्या ९९९ भागांचं काम काय? चिनी संशोधकांनी ८०० रुग्णांवर ४८ आठवडे हेच पाहिलं. निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना नुसतं ग्लिबेनक्लामाइड. निकाल २०१३ मध्ये आला. साखरेवरचं नियंत्रण दोन्हीकडे सारखंच, मात्र साखर एकदम खाली जाण्याचे प्रसंग शियाओकेवाल्यांत कमी. म्हणजे साखर उतरवण्यात मुळ्या-कंदांची वेगळी भर दिसली नाही, आणि धोका मात्र कमी झाला. असा निकाल दोन्ही बाजूंच्या कट्टरांना गैरसोयीचा, म्हणून मला तो आवडतो.

छापलेलं औषध निदान मोजता येतं. २००० साली कॅलिफोर्नियात मधुमेहावरच्या काही चिनी ‘हर्बल’ कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. त्यांत ग्लिबेनक्लामाइड होतंच, शिवाय फेनफॉर्मिनही होतं. रक्तात लॅक्टिक आम्ल साठून माणसं दगावतात म्हणून अमेरिकेने जे १९७० च्या दशकातच बंद केलं होतं, तेच हे औषध. २००९ मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतात बनावट कॅप्सूल खाऊन दोघांचा जीव गेला. त्यांतही ग्लिबेनक्लामाइड होतं, नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पट. कुठल्याही ‘शुद्ध वनस्पतीजन्य’ पुडीने चार दिवसांत साखर झपाट्याने उतरली, तर आनंदाआधी शंका यावी ती यामुळे.

म्हणजे झाडपाल्यात दम नाही का? आहे. हुआंगलियान नावाच्या वनस्पतीची पिवळीधमक, जिभेवर टेकवताच तोंड वाकडं होईल इतकी कडू मुळी घ्या. तिच्यातला बर्बेरिन हा पिवळा घटक चीनमध्ये जुलाबावर सर्रास विकला जातो. आपल्या दारुहळदीच्या पिवळेपणामागेही हाच घटक आहे. १९८० च्या दशकात चिनी डॉक्टरांच्या लक्षात आलं की जुलाबासाठी बर्बेरिन घेणाऱ्या मधुमेहींची साखरही उतरतेय. पुढे कळलं की ते पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांचं काम थोडं मंदावतं आणि पेशीला ऊर्जा कमी पडल्याचा इशारा मिळतो. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या नेहमीच्या गोळीचंही काम काहीसं असंच चालतं. गंमत म्हणजे बर्बेरिन आतड्यातून रक्तात फारच थोडं शिरतं. त्यामुळे त्याची बरीचशी करामत आतड्यातल्या जिवाणूंवरच चालत असावी, असा संशय आहे.

२००८ मध्ये छापून आलेल्या एका छोट्या चाचणीत नव्यानेच निदान झालेल्या ३६ जणांपैकी काहींना बर्बेरिन, बाकीच्यांना मेटफॉर्मिन दिलं. रोज तीन वेळा प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम. तीन महिन्यांत बर्बेरिनवाल्यांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ९.५ वरून ७.५ टक्क्यांवर आलं, मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड. पण इतक्या थोड्या माणसांवरून, इतक्या थोड्या दिवसांत, डोळे किंवा मूत्रपिंड वाचतात का ते कळत नाही. शिवाय बर्बेरिन यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा अडवतं, त्यामुळे सोबतच्या दुसऱ्या गोळीची रक्तातली मात्रा वाढू शकते. गरोदर बाईने आणि तान्ह्या बाळाने तर त्याच्या वाटेला जाऊ नये. बाळाची कावीळ मेंदूपर्यंत पोचण्याची भीती असते.

त्याच अभ्यासात बर्बेरिन घेणाऱ्या दर तिघांमागे एकाची पोटाची तक्रार होती. कोणाला गॅस, कोणाला बद्धकोष्ठ. आणि जे औषध लोक जुलाब थांबवायला घेतात, त्याच औषधाने काहींना जुलाबही झाले.