कुत्र्याची नखे

कुत्रा उभा असताना नखे जमिनीला टेकणार नाहीत इतपत ती आखूड ठेवणे, हा कुत्र्याच्या पायांच्या निगेचा मुख्य भाग आहे. मराठवाड्यात गावाकडे हे काम बहुतेक जमीनच करते. धनगरांच्या वाड्यासोबत दिवसभर चालणारा कुत्रा असो की लातूरकडचा धावरा पश्मी जातीचा शिकारी कुत्रा, मुरूम, खडक आणि डांबरी सडक यांवर त्याची नखे आपोआप झिजतात. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे तसे होत नाही. काळी माती मऊ असते, ती नख घासत नाही. पावसाळ्यात तर चिखलामुळे कुत्रा गोठ्यातच बसून राहतो. शहरात फरशीवर वाढणाऱ्या लॅब्राडोर किंवा पॉमेरेनियनची गत याहून वाईट. घरातली शहाबादी चालताना टकटक वाजू लागली, की नखे वाढली असे समजावे.

वाढलेले नख जमिनीवर टेकले की बोट वर ढकलले जाते आणि पायाची ठेवण बिघडते. बोटे फाकतात, सांध्यांवर ताण येतो, गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. म्हाताऱ्या कुत्र्याला हे फार जाचते. तो उठायला कुचराई करतो, जिना टाळतो, आणि घरच्यांना वाटते की वय झाले. आधी त्याचे पाय उचलून पाहावेत.

पुढच्या पायाला आतल्या बाजूने, थोडे वर, अंगठ्याचे नख असते. काही कुत्र्यांना ते मागच्या पायालाही असते. ते जमिनीला लागत नाही, म्हणून रानोमाळ हिंडणाऱ्या कुत्र्याचेही फारसे झिजत नाही. ते गोल वळत जाऊन कातडीत किंवा पायाच्या गादीत रुतते, जखम होते, पू धरतो. केसाळ कुत्र्यात हे लवकर दिसतही नाही. राखणीच्या कुत्र्याची बाकी नखे एकवेळ पाहिली नाहीत तरी चालेल, हे मात्र पाहिलेच पाहिजे.

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. तो कापला गेला तर रक्त येते, कळ उठते, आणि पुढच्या वेळी कुत्रा पाय हातात देत नाही. पांढऱ्या नखात हा भाग गुलाबी दिसतो. काळे नख असेल तर टोकाकडून अगदी पातळ काप घेत जायचे. कापलेल्या तोंडाच्या मधोमध गडद ठिपका दिसू लागला की थांबायचे. माणसाचे नेलकटर वापरू नये. कुत्र्याचे नख गोलसर असते, ते त्यात चेपून चिरते. कुत्र्यांसाठीची धारदार कात्री घ्यावी आणि शेवटी कानशीने कडा घासावी. आंघोळीनंतर नख मऊ असते, तेव्हा कापणे सोपे जाते.

साधारण ३ ते ४ आठवड्यांनी नखे पाहावीत. फार वाढलेले नख एका बैठकीत आखूड करता येत नाही, कारण नखाबरोबर आतला जिवंत भागही लांबलेला असतो. दर आठवड्याला थोडेथोडे कापत गेले की तो हळूहळू मागे सरतो. पिल्लू असल्यापासून पाय, पंजे हातात घेण्याची सवय लावली तर पुढे धरपकड करावी लागत नाही. नखे झिजावीत म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी डांबरी सडकेवर फिरवणे मात्र क्रूरपणा आहे. पारा ४० अंशांपुढे असताना त्या सडकेवर पायाच्या गाद्या भाजतात.

चुकून रक्त आलेच तर मक्याचे पीठ किंवा मैदा नखाच्या तोंडावर दाबून काही मिनिटे धरावा. रक्त थांबत नसेल, नख मुळापासून तुटले असेल किंवा अंगठ्याचे नख मांसात रुतले असेल, तर घरी खटपट करू नये. गुरांच्या दवाखान्यात कुत्र्यालाही तपासतात. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

नखे कापताना ओरखडा उठला, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. कुत्रा पंजे चाटतो, त्यामुळे नखांना लाळ लागलेली असू शकते, आणि रेबीज लाळेतून पसरतो. रक्त आले नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लशीबद्दल विचारावे. हळद, चुना किंवा मिरची लावून जखम बांधून ठेवू नये.