फुकट प्रवेशालाही तिकीट: संग्रहालयांच्या तिकीट-यंत्रणेची पार्श्वभूमी

संग्रहालयात जायचे तर आधी वेळ ठरवायची, पैसे भरायचे आणि दारात मोबाइलवरचा क्यूआर कोड दाखवायचा, हा प्रकार 2020च्या साथीत सुरू झाला असे अनेकांना वाटते. साथीने तो सक्तीचा केला, एवढेच. लंडनमधले सर्वांत मोठे सार्वजनिक संग्रहालय 1759 मध्ये उघडले तेव्हा प्रवेश फुकट होता, पण द्वारपालाकडे लेखी अर्ज करून नाव, पत्ता आणि सामाजिक दर्जा नोंदवावा लागे. छाननी झाली की ठरावीक दिवसाचे आणि वेळेचे तिकीट मिळे. लोक कंटाळले आणि 1810 पर्यंत ही पद्धत मोडीत निघाली. पुढे 19व्या शतकात रेल्वेने क्रमांक छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट रूढ केले. अशा क्रमांकांमुळे किती तिकिटे खपली आणि गल्ल्यात किती रक्कम हवी, हे वजाबाकी करून कळू लागले. त्यानंतर शंभरेक वर्षे तिकीट म्हणजे मुख्यतः हिशेबाची पावतीच होती.

गर्दी हा वेगळा प्रश्न आहे, याची जाणीव 1972 मध्ये लंडनला प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या खजिन्याच्या प्रदर्शनाने करून दिली. जवळपास 17 लाख लोक आले आणि रांगा इमारतीबाहेर तासन् तास ताटकळल्या. याच राजाचा खजिना 1976 ते 1979 या काळात अमेरिकेत फिरला. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नाटक-खेळांची तिकिटे विकणाऱ्या संगणकीय जाळ्यातून आगाऊ विक्री झाली. रांग फुटपाथवरून उठून विक्री-केंद्रावर गेली, पण निदान दालनात एका दिवशी किती माणसे येणार ते आधी कळू लागले. वॉशिंग्टनमध्ये 1993 साली उघडलेल्या एका स्मृती-संग्रहालयाने तर कायमच्या प्रदर्शनालाच वेळ छापलेले विनामूल्य पास दिले.

तरीही काउंटरवरची यंत्रे एकमेकांशी बोलत नव्हती. तिकीट छापणारी संगणक-प्रणाली एक, कार्ड मशीन दुसरे, सभासदांची यादी तिसऱ्या खोलीत आणि शाळांच्या सहलींची नोंद फोनशेजारच्या वहीत, अशी विभागणी असे. कर्मचारी तिकिटाची रक्कम पडद्यावर वाचून कार्ड मशीनवर पुन्हा हाताने दाबायचा. घाईत 14चे 41 झाले तर ते रात्री कळायचे: तिकिटांची बेरीज एक, कार्डाची दुसरी, रोकड तिसरी. रिफंडचे हाल तर विचारूच नका. पैसे कोणत्या कार्डावरून आले ते तिकीट-प्रणालीला ठाऊकच नसे.

हे चित्र पालटायला दर्शकांची सोय जेवढी कारणीभूत ठरली, त्याहून जास्त कार्ड कंपन्यांचा धाक ठरला. त्यांनी डिसेंबर 2004 मध्ये सुरक्षेचे सामाईक मानक आणले. कार्डाचा क्रमांक ज्या ज्या यंत्रातून जाईल, ते प्रत्येक यंत्र तपासणीच्या कक्षेत आले. दुकान, उपाहारगृह आणि तिकीट-खिडकी एकाच नेटवर्कवर चालवणाऱ्या संग्रहालयांना हे परवडणारे नव्हते. तोडगा असा निघाला, की तिकीट-प्रणालीने फक्त रक्कम मशीनला पाठवायची, कार्डाचा तपशील मशीनमधूनच कूटबद्ध होऊन परस्पर बँकेच्या बाजूला जायचा आणि प्रणालीकडे होकार व एक टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी वापरायचा संकेतांक, परत यायचे. हाताने आकडा दाबणे संपले, ताळमेळ आपोआप लागू लागला, टोकनवरून त्याच कार्डावर पैसे परत करता येऊ लागले. तिकीट आणि पैसे एकत्र हाताळणारी एकात्मिक यंत्रणा म्हणतात ती खऱ्या अर्थाने इथे जन्मली. वेळेचे स्लॉट तिच्यावर नंतर चढले.

खरा वाद मात्र पैसे न घेणाऱ्या संग्रहालयांमध्ये झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी 1974 मध्ये राष्ट्रीय संग्रहालयांना शुल्क लागले आणि सरकार बदलताच मार्चअखेर ते रद्द झाले. 1980च्या दशकात काहींनी पुन्हा तिकिटे लावली. डिसेंबर 2001 मध्ये प्रवेश परत विनामूल्य झाला. त्यासाठी करनियम बदलावा लागला, कारण फुकट प्रवेश देणाऱ्याला खरेदीवर भरलेला मूल्यवर्धित कर परत मिळत नसे. म्हणजे दार उघडे ठेवणाऱ्यालाच भुर्दंड! शुल्क गेले, तशी मुख्य दारावरची तिकिटेही गेली. किती लोक आले ते दारावरचे मोजणी-यंत्र सांगे. कोण आले, हे कुणी विचारत नसे.

साथीनंतर दारे उघडताना याच संस्थांनी शून्य रकमेचे तिकीट आणले. अंतर राखायचे तर आकडा बांधून घेणे भाग होते, त्यावर कुणाचे दुमत नव्हते. प्रश्न आला निर्बंध उठल्यावर: हे तिकीट ठेवायचे की काढायचे? ठेवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे सबळ मुद्दे होते: गर्दी दिवसभर विभागली जाते, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या नीट लावता येतात, बुकिंग करतानाच देणगीची विनंती पुढे करता येते आणि ईमेल पत्ता हाती लागतो. हा शेवटचा मुद्दा बैठकीत दबक्या आवाजात येतो, पण वजन त्यालाच असते. उलट बाजूचा आक्षेप साधा आहे. पाऊस आला म्हणून आत शिरणारा, दहा मिनिटे एकच चित्र पाहून जाणारा, स्मार्टफोन नसलेला माणूस या व्यवस्थेत बसत नाही.

शिवाय शून्य रकमेच्या तिकिटात एक अंगभूत खोट आहे. पैसे गेलेले नसतात, त्यामुळे न येणाऱ्याला काहीच गमवावे लागत नाही. पडद्यावर स्लॉट भरलेला दिसतो, दालन अर्धे रिकामे असते आणि दारात आलेल्याला परत पाठवले जाते. यावर जागांपेक्षा जास्त बुकिंग घेणे, आदल्या दिवशी आठवण करून देणे, काही जागा ऐनवेळी येणाऱ्यांसाठी राखणे असे उपाय निघाले. वॉशिंग्टनमध्ये 2016 साली उघडलेल्या एका संग्रहालयाचे विनामूल्य पास सुरुवातीला महिनोन्‌महिने आधीच संपत. लंडनमध्ये बहुतेक ठिकाणी शेवटी ‘बुकिंग करा, पण सक्ती नाही’ अशी तडजोड झाली. दोन्ही डगरींवर पाय ठेवणारी ही तडजोड टिकेल असे वाटत नाही.

स्लॉट हा फक्त आत येण्याची वेळ ठरवतो, बाहेर जाण्याची नाही, हेही अनेकदा विसरले जाते. सकाळी आलेले दुपारपर्यंत रेंगाळले की पुढच्या स्लॉटचे गणित कोसळते. म्हणून काही यंत्रणा आता बाहेर पडणाऱ्यांचीही मोजणी जोडून घेतात.

जागा मोजक्या झाल्या की काळाबाजार आलाच. रोमच्या कोलोसियम या प्राचीन रंगमंडलाने ऑक्टोबर 2023 पासून तिकिटावर नाव छापायला सुरुवात केली. 2025 मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने तिथली तिकिटे विकणारी कंपनी आणि काही सहल कंपन्या यांना मिळून सुमारे 2 कोटी युरोंचा दंड ठोठावला. ठपका होता, सामान्य ग्राहकाला मूळ दरात तिकीट मिळेनासे झाल्याचा.

दरांचेही तसेच. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कला-संग्रहालयाने मार्च 2018 मध्ये ‘वाटेल ते द्या’ ही सवलत त्या राज्यातल्या रहिवाशांपुरती आणि जवळच्या राज्यांतल्या विद्यार्थ्यांपुरती ठेवली, बाहेरच्या प्रौढांना 25 डॉलर सक्तीचे केले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जानेवारी 2026 पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून (युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन सोडून इतर देशांतून) येणाऱ्यांना 32 युरो मोजावे लागतात. दर राहण्याच्या जागेवर ठरू लागल्याने तिकीट-यंत्रणेला पैशांच्या जोडीला ओळखपत्राचाही विचार करावा लागतो.