बॅक्लोफेन (पातळ औषध)

मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की हातापायांचे स्नायू कायम आखडलेले राहू लागतात. ही ताठरता कमी करण्यासाठी दिले जाणारे औषध म्हणजे बॅक्लोफेन. ज्यांना गोळी गिळता येत नाही त्यांच्यासाठी ते पातळ रूपात मिळते. सेरेब्रल पाल्सी असलेली मुले, मणक्याला मार लागून पाय आखडलेली माणसे, मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण, लकव्यानंतर ज्यांचा हात कोपरात मुडपून बसला आहे असे वडीलधारे, नाकातल्या नळीवाटे अन्न घेणारे रुग्ण असे सगळे या बाटलीचे गिऱ्हाईक.

नागपुरात ही बाटली पुष्कळदा 'मेडिकल'मध्ये लिहून मिळते आणि 'मेडिकल'मधून आणावी लागते. पहिले मेडिकल म्हणजे १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, दुसरे म्हणजे कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान. बाहेरगावचा माणूस यात गोंधळतो, नागपूरकर कधी गोंधळत नाही. नागपूरकराचा गोंधळ होतो तो पुढे, घरी बाटली उघडल्यावर, आणि तो एकाच जोडशब्दापाशी : मिलिग्रॅम आणि मिलिलिटर.

बॅक्लोफेन १९६२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत हाइनरिख केबर्ले यांनी तयार केले. हेतू मिरगीचे औषध शोधण्याचा होता. मिरगीवर त्याचा उपयोग झाला नाही, पण आखडलेले स्नायू सैल पडतात हे दिसले आणि औषध त्या वाटेने गेले. अमेरिकेत त्याला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. चेतापेशींना आवरते घेणारे गाबा नावाचे द्रव्य शरीरात असते, त्याच्याच घडणीवर हा रेणू बेतलेला आहे. मज्जारज्जूत जाऊन तो गाबाच्या बी प्रकारच्या ग्राहींना (संदेश झेलणाऱ्या रिसेप्टरना) चिकटतो आणि स्नायूंकडे जाणारे 'आखड, आखड' असे संदेश मंदावतात. म्हणजे औषध स्नायूवर काम करत नाही, स्नायूला हुकूम देणाऱ्या यंत्रणेवर करते. झोप, गरगरणे, बुद्धी जड होणे हे त्रास याच कारणाने होतात, कारण मज्जारज्जूवर चालणारे औषध मेंदूला वगळून जात नाही.

पाठीत उसण भरली, मानेत चमक आली किंवा रात्री पोटऱ्यांत गोळे आले तर हे औषध नाही. तशा दुखण्यावर आपल्याकडे थायोकोल्चिकोसाइड, क्लोरझोक्झाझोन, टिझॅनिडीन यांच्या गोळ्या, बहुधा वेदनाशामकाबरोबर, थोड्या दिवसांसाठी लिहितात. दुकानात सगळ्यांना मिळून 'मसल रिलॅक्संट' म्हणतात, आणि म्हणून नातवाच्या बाटलीतले दोन घोट आजोबांच्या कंबरेसाठी देण्याचा मोह होतो. आजोबांची किडनी थकलेली असेल तर हा मोह महागात पडतो. बॅक्लोफेन शेड्यूल एचमधले औषध आहे, चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही.

मात्रा मोजणे

डॉक्टरच्या डोक्यात मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, आईच्या हातात मिलिलिटर असतात. या दोघांमधला पूल म्हणजे बाटलीवर छापलेली एक ओळ : 'प्रत्येक ५ मिलीमध्ये बॅक्लोफेन अमुक मिग्रॅ'. आपल्याकडे ५ मिलीत ५ मिग्रॅ ही ताकद ओळखीची आहे, म्हणजे एका मिलीत एक मिग्रॅ. यात चुकायला वाव कमी, आणि त्यामुळेच 'मिली काय नि मिग्रॅ काय, एकच' अशी सवय लागते. अमेरिकेत मात्र ५ मिलीत ५, १० आणि २५ मिग्रॅ अशा तिन्ही ताकदी विकल्या जातात. डॉक्टरने ५ मिग्रॅ सांगितले असेल तर पहिल्या बाटलीतून ५ मिली, दुसरीतून अडीच आणि तिसरीतून फक्त एक मिली द्यायचे. तिसऱ्या बाटलीतून सवयीने ५ मिली दिले तर पोटात पाचपट औषध गेले. परदेशातल्या मुलाने प्रेमाने पाठवलेली बाटली म्हणून आधी डॉक्टरला दाखवावी, मगच उघडावी. दुकानदाराने 'हीच आहे, फक्त कंपनी दुसरी' म्हणून दुसरी बाटली दिली तरी ती एक ओळ काउंटरवरच वाचावी.

चिठ्ठीवरचे '१-१-१' हे आणखी एक प्रकरण. गोळीला ते चपखल बसते : सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. पातळ औषधापुढे तेच लिहिले की एक काय, हा प्रश्न उरतो. एक मिली, एक चमचा की एक टोपण? चिठ्ठी हातात पडताच 'किती मिलिग्रॅम, आणि या बाटलीतून किती मिली' एवढे दोन आकडे विचारून घ्यावेत. गर्दीच्या ओपीडीत हे विचारायला संकोच वाटतो, पण यापेक्षा उपयोगी प्रश्न तिथे दुसरा नाही. मेडिकल चौकातल्या एखाद्या दुकानात मुरलेला माणूस बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावतो, पेनाने '२.५ मिली, तीनदा' असे लिहितो, मग रिकामी सिरिंज घेऊन दांडा त्या रेघेपर्यंत ओढून दाखवतो. या अर्ध्या मिनिटाची बरोबरी कोणतेही पत्रक करू शकत नाही.

घरातला चमचा वापरू नये. चहाचा चमचा म्हणून घराघरांत जे काही असते त्यात अडीच मिली मावते तसे सातही मावते. बाटलीबरोबरचे टोपण बरे, पण त्यावरच्या उठावाच्या रेघा पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये दिसत नाहीत. टोपण हातात धरून नव्हे, ओट्यावर सपाट ठेवून, डोळे रेघेच्या पातळीला आणून भरावे. सर्वांत भरवशाची सुई नसलेली सिरिंज. दुकानात मिळणाऱ्या साध्या पाच मिलीच्या सिरिंजवर दोन आकड्यांच्या मध्ये पाच घरे असतात, म्हणजे एक घर ०.२ मिलीचे. त्यामुळे अडीचची खूण तिच्यावर नसतेच, ती २.४ आणि २.६ यांच्या मधोमध येते. मात्रा लहान असेल तर दोन मिलीची सिरिंज घ्यावी, तिचे घर ०.१ मिलीचे. बुडबुडा राहिला तर तेवढे औषध कमी जाते. सिरिंज उभी धरून टिचकी मारली की तो वर येतो. रोज घासून महिन्याभरात आकडे पुसट होतात. मग लोक अंदाजाने भरतात, नाहीतर नेलपॉलिशने खूण करतात. खूण जुन्या मात्रेची असते आणि दरम्यान मात्रा वाढलेली किंवा घटलेली असते, म्हणून सिरिंज नवी आणणेच बरे. ती काही रुपयांना मिळते.

'सस्पेन्शन' लिहिलेल्या बाटलीत औषधाचे कण तळाशी बसतात, म्हणून ती दर वेळी नीट हलवावी. नाहीतर पहिल्या आठवड्यात पाणचट आणि शेवटच्या आठवड्यात दाट औषध पोटात जाते, आणि 'बाटली संपता संपता पोरगा फार झोपतो' अशी तक्रार घेऊन आई येते. बाळाला आडवे असताना किंवा रडत असताना देऊ नये. टेकवून बसवावे, सिरिंजचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवावे आणि थोडे थोडे सोडावे. ज्यांचे स्नायू आखडतात त्यांचे गिळणेही अनेकदा कच्चे असते, आणि श्वासनळीत गेलेले औषध न्यूमोनियाला बोलावते. दुधाच्या पूर्ण बाटलीत औषध मिसळण्यात अर्थ नाही, मूल अर्धेच दूध प्यायले तर किती औषध गेले हे कळत नाही. मळमळ होत असेल तर दोन घास खाऊन झाल्यावर द्यावे. नळीवाटे द्यायचे असेल तर आधी आणि नंतर थोडे पाणी सोडावे, म्हणजे औषध नळीत अडकून राहत नाही. दिल्यावर उलटी झाली तर आपल्या मनाने पुन्हा देऊ नये. एखादी वेळ चुकली आणि पुढची जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन्ही एकदम कधीच देऊ नयेत.

चढवणे आणि उतरवणे

मात्रा हळूहळू चढवतात. मोठ्या माणसाला सहसा ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा असे सुरू करून दर तीन दिवसांनी थोडे वाढवत नेतात. दिवसाला ८० मिग्रॅ ही नेहमीची वरची हद्द मानतात. मुलांची मात्रा वजन आणि वय पाहून ठरते. उद्देश ताठरता पूर्ण घालवणे हा नसतोच. काही रुग्ण त्या ताठ पायांच्याच आधाराने उभे राहतात, पलंगावरून खुर्चीत सरकतात. औषध जास्त झाले की तेच पाय लुळे पडतात आणि माणूस न्हाणीघरात कोसळतो. म्हणून मात्रा वाढवल्यावर 'पाय मोकळे झाले का' याबरोबर 'उभे राहता येते का' हेही पाहावे लागते. फिजिओथेरपिस्टला औषधाच्या वेळा सांगितल्या तर व्यायाम त्या बेताने लावता येतो.

एकदम थांबवणे मात्र सर्वांत वाईट. शरीर त्या संदेशबंदीला सरावलेले असते. ती अचानक उठली की ताठरता दुपटीने परतते, भास होतात, झटके येतात, ताप चढतो, क्वचित स्नायू विरघळू लागून किडनीवर बेतते. बंद करायचेच असेल तर डॉक्टरच्या सांगण्यावरून आठवडा-दोन आठवड्यांत, गरज पडल्यास त्याहून सावकाश उतरवतात. विदर्भात हा धोका पुस्तकी नाही. नागपूरला दाखवायला गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर आणि पलीकडे बालाघाट, छिंदवाड्याहून माणसे येतात, एक-दोन बाटल्या घेऊन परततात, आणि तालुक्याच्या दुकानात हे औषध नसते. गंजीपेठ-गांधीबागेच्या घाऊक औषधबाजारात जे सहज मिळते ते गावी मागवावे लागते. हिशोब सोपा आहे. ५ मिग्रॅ तीनदा, म्हणजे ५ मिलीत ५ मिग्रॅवाल्या बाटलीतून रोज १५ मिली. १०० मिलीची बाटली सातव्या दिवशी संपते. नवी बाटली निदान आठवडाभर आधी घरात हवी. पोळा, मारबत, दिवाळी अशा दिवसांत तर आणखी आधी, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत जुन्या नागपुरातल्या महाल-इतवारीत गाडी घालायला जागा नसते.

ज्यांना तोंडावाटे पुरेसा गुण येत नाही त्यांच्या पोटाच्या कातडीखाली पंप बसवून हेच औषध थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडता येते. तिथे मात्रा मिलिग्रॅममध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात.

कोणाला जपून

बॅक्लोफेनचा मोठा वाटा, सुमारे ७० ते ८० टक्के, जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. किडनी मंद असेल तर नेहमीची मात्राही साचत जाते आणि माणूस गुंगीत, बरळत रुग्णालयात पोचतो. डायलिसिसवरच्या रुग्णाला ते शक्यतो देत नाहीत. दारू, झोपेच्या गोळ्या, अफूवर्गातली वेदनाशामके यांच्याबरोबर गुंगी आणि श्वास मंदावणे दोन्ही वाढतात. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर दाब जास्त उतरू शकतो, पार्किन्सनच्या लेवोडोपाबरोबर भास होऊ शकतात. मिरगी, मानसिक आजार, पोटातला अल्सर, गरोदरपण हे सगळे आधी सांगावे. मात्रा अंगवळणी पडेपर्यंत गाडी चालवू नये. काही बाटल्यांत गोडीसाठी सॉर्बिटॉल असते, त्याने एखाद्याला पातळ शौचास होते.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळा मुद्दा. औषध किती तापमानाच्या आत ठेवायचे ते लेबलवर असते, बहुधा २५ किंवा ३० अंश. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि कूलर लावलेल्या खोलीतही तिसाच्या खाली येईलच असे नाही. गॅसशेजारची फळी, खिडकीचा कट्टा आणि विशेषतः स्कूटरची डिक्की या तीन जागा बाद. फ्रिजमध्ये ठेवायचे की नाही हे लेबलवर अवलंबून, गोठू तर कोणतीच देऊ नये. उघडल्यानंतर किती दिवस चालते तेही लेबल सांगते. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहावी.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा भागातली वीसहून अधिक लहान मुले डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपमुळे किडनी निकामी होऊन दगावली, आणि त्यातल्या अनेकांवर उपचार नागपुरात झाले. बॅक्लोफेनचा त्या प्रकरणाशी संबंध नाही. पण त्यानंतर इथे पातळ औषधाच्या बाटलीकडे पाहण्याची नजर बदलली. बिल घेणे, बॅच क्रमांक जपणे या गोष्टी तेव्हापासून सांगाव्या लागत नाहीत.

मात्रा जास्त गेली तर आधी झोप, मग अंग लुळे, मग श्वास मंद, अशा पायऱ्या दिसतात. याला नेमका उतारा नाही, श्वासाला आधार देत औषध शरीराबाहेर जाईपर्यंत सांभाळावे लागते. किडनीच्या रुग्णाला डायलिसिस लागू शकते. उलटी करवू नये, कुशीवर वळवावे, १०८ ला फोन करावा आणि बाटली, सिरिंज, चिठ्ठी तिन्ही पिशवीत टाकून सोबत न्यावीत. रात्रपाळीचा डॉक्टर किती मिली दिले हे विचारतो, आणि लगेच बाटलीवरची ती एक ओळ वाचायला हात पुढे करतो.