प्रोग्राम चालला, पण उत्तर तेच आलं का?

सर्किट प्रत्यक्ष जोडण्याआधी संगणकावर चालवून बघायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं 'ईसिम' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याच्या पोटात आकडेमोड करतं ते 'एनजीस्पाइस'. याचं मूळ १९७३ सालातलं. बर्कलीच्या विद्यापीठात प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्याने फोरट्रानमध्ये 'स्पाइस' हा प्रोग्राम लिहिला. पुढे तो सी भाषेत आला आणि त्यातूनच एनजीस्पाइस घडलं.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर एका कमांडमध्ये ते बसतं. ती कमांड चालावी म्हणून कुणीतरी वर्षानुवर्षं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार असं प्रोग्रामचं गाठोडं, सांभाळत असतं. मूळ कोड घ्यायचा, लागणाऱ्या लायब्ररींची यादी नीट ठेवायची, आपले बदल पॅच म्हणून वेगळे ठेवायचे आणि भोवतालचं काही बदललं की सगळं पुन्हा बांधायचं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम पुन्हा तयार करायचा, असं हे काम.

आणि भोवतालचं सारखं बदलतं. जुन्या सी कोडमध्ये एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फायलींत जाहीर केलेलं असे, कोडचं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणारा कंपायलर ते गुपचूप एकच धरी. २०२० साली आलेल्या जीसीसी १० या कंपायलरने ही सवलत आपोआप देणं बंद केलं. वीस-वीस वर्षं बिनतक्रार बांधले जाणारे प्रोग्राम, एक ओळही न बदलता, एकाएकी बांधले जाईनात. मला हा चांगला बिघाड वाटतो: मशीन अडतं, ओरडतं, कुठे अडलं ते सांगतं.

खरी धास्ती न ओरडणाऱ्या बिघाडाची. संगणकाला ०.१, ०.२ आणि ०.३ यांची बेरीज करायला सांगा. पहिले दोन आधी मिळवले तर ०.६००००००००००००००१ येतं, शेवटचे दोन आधी मिळवले तर ०.६. नवा कंपायलर किंवा नवी लायब्ररी आकडेमोडीचा क्रम बदलू शकते, आणि एनजीस्पाइससारखा सिम्युलेटर अशा लाखो बेरजा करतो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. एनजीस्पाइस उत्तराचा अंदाज घेऊन तो पुन्हा पुन्हा सुधारत जातं आणि दोन अंदाजांतला फरक साधारण ०.१ टक्क्याच्या आत आला की थांबतं. त्यापुढे सोळाव्या घरातली चूक कुठे दिसणार? पण फ्लिप-फ्लॉपसारख्या, दोनपैकी एका बाजूला कलणाऱ्या सर्किटमध्ये तीच चिमूटभर चूक उत्तर दुसऱ्या बाजूला झुकवू शकते. प्रोग्राम बिनबोभाट चालतो, आलेख छान दिसतो, विद्यार्थी त्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून पॅकेज सांभाळणाऱ्याने चाचण्या जपायच्या, आणि चाचणी म्हणजे 'प्रोग्राम सुरू झाला' एवढंच नव्हे. एक किलोओहमचा रोधक, एक मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर, ५ व्होल्टचा पुरवठा. पुरवठा जोडल्यावर एक मिलिसेकंदाने कपॅसिटरवर ३.१६ व्होल्ट यायला हवेत. हे कागदावर काढता येतं. पॅकेज नव्याने बांधलं की हे सर्किट चालवायचं आणि उत्तर ठरवलेल्या मर्यादेत आहे का ते बघायचं. शेवटच्या अंकापर्यंत जुळवण्याचा हट्ट धरला, तर निरुपद्रवी बदलांनीही चाचणी पडत राहते, आणि सारखी पडणारी चाचणी लोक हळूहळू बघेनासे होतात. मर्यादा फार सैल ठेवली तर खरी चूक सुटते. ती किती ठेवायची, हे कोडच्या जाणकाराइतकंच सर्किटच्या जाणकाराचं काम आहे.

परवान्याचंही बघावं लागतं. बर्कलीच्या जुन्या अटींत शिक्षण, संशोधन आणि ना-नफा वापरालाच मुभा होती, त्यामुळे एनजीस्पाइस बराच काळ डेबियनच्या मुख्य भांडारात नव्हतं, 'नॉन-फ्री' विभागात होतं. अटी सैल झाल्यावर ते मुख्य भांडारात आलं.

आपल्याकडे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी नवं काहीतरी लिहायचीच ओढ असते. माझं मागणं वेगळं आहे. ज्याचं उत्तर हाताने काढता येतं असं एखादं सर्किट घ्या, मर्यादा किती आणि का ते लिहा, आणि ती चाचणी एनजीस्पाइस किंवा ईसिमच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवा.